सतरा विहिरींची लेबलं

"वनजाक्षम्मा, पुन्हा एकमेकांवर चढली बघा," तिप्पेस्वामीअण्णा म्हणाले.

मी नुकताच डबा उघडला होता. सकाळी केलेला नाचणीच्या मुद्देचा गोळा थंड होऊन दगड झाला होता. तो तसाच ठेवून मी खुर्ची सरकवली आणि त्यांच्या संगणकाच्या पडद्यात डोकावले. तालुक्यातल्या सेहेचाळीस निरीक्षण विहिरींचा आलेख होता. डावीकडे खोलीचे आकडे, खाली वर्षं आणि उजवीकडे विहिरींची नावं. नावं अशी दाटली होती की एकही धड वाचता येत नव्हतं.

"तिरकी करा की," मी म्हटलं.

"केली. तिरकी केली तर शेजारच्या रेघेवर पाय ठेवतात."

"मग लहान करा."

"लहान केली तर सरांना चष्मा लावूनही दिसणार नाहीत."

"मग आधी जेवा, अण्णा. नावं कुठं पळून जात नाहीत."

ते जेवले नाहीत. एकेका नावाला बोटभर वर, बोटभर खाली असं आकड्यात सांगून सरकवत बसले. चार वाजता उठले तेव्हा सेहेचाळीस नावं सुटी झाली होती आणि अण्णांना टेबल धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं.

आमच्या भूजल कार्यालयात अण्णा तीस वर्षं मोजणीदार होते. वर्षातून चार वेळा तालुकाभर फिरायचं, विहिरीत टेप सोडायचा, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं, एवढंच काम. चार वर्षांपूर्वी एका विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि उजवा गुडघा गेला. मग तेव्हाच्या साहेबांनी त्यांना आत बसवलं. त्याच सुमारास कंत्राटावरचा आलेख काढणारा माणूस बेंगळुरूला चांगली नोकरी लागली म्हणून निघून गेला. मागे त्याने पायथनमध्ये लिहिलेल्या काही फायली ठेवल्या होत्या. पायथन म्हणजे संगणकाला हुकूम द्यायची एक भाषा. तिच्यात आलेख काढायचं एक तयार साधन असतं. त्या फायलींना कोणी हात लावायला तयार नव्हतं. माझं टायपिंगचं काम मला पुरत होतं. अण्णा म्हणाले, "द्या इकडे. नाहीतरी बसूनच राहायचंय."

दहावी कन्नड शाळेतून झालेला माणूस. इंग्रजी हुकूम त्यांनी वहीत चित्रासारखे उतरवून घेतले आणि प्रत्येकापुढे कन्नडमध्ये अर्थ लिहिला. संगणक चूक दाखवायचा, तीही लिहून ठेवायचे. वर्षभरात चार वह्या भरल्या. आधीच्या माणसाच्या आलेखात खोलीचा आकडा वाढला की रेघ वर चढायची. म्हणजे पाणी खाली गेलं की विहीर प्रगतीवर. जिल्ह्याच्या बैठकीत एकदा अशी चढती रेघ बघून कोणीतरी आमच्या साहेबांचं अभिनंदन केलं होतं म्हणे. अण्णांनी पहिलं काम केलं ते म्हणजे आकडे उलटे लावले. जमीन वर, पाणी खाली. "विहिरीत वाकून बघतो तसंच दिसलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

मग लेबलांचा नाद लागला. आलेखावरच्या एखाद्या ठिकाणाबद्दल दोन शब्द लिहायचे असतील तर त्या साधनाला दोन ठिकाणं सांगावी लागतात. कशाबद्दल बोलायचं ते एक, आणि शब्द कुठे लिहायचे ते दुसरं. दोहोंच्या मधे बाण येतो. अण्णांना हे फार आवडलं होतं. इंजिन बंद पडलं, पाऊस मोजला गेला नाही, शेजारी नवी बोअर पडली, अशा गोष्टी तीस वर्षं त्यांच्या वह्यांच्या समासात पडून होत्या. आता त्या आलेखावर जागेवर लिहिता येत होत्या.

उमापती सर आमच्याकडे साहेब म्हणून आठ महिन्यांपूर्वी आले. भला माणूस, पण दोन तालुक्यांचा भार अंगावर आणि तिसऱ्याचं पत्र खिशात. नेहमी कुठून तरी आलेले किंवा कुठे तरी निघालेले असायचे. त्यांनी अण्णांना सांगितलं, "दहा वर्षांचा अहवाल जायचाय. सगळ्या विहिरी एका पानावर दिसल्या पाहिजेत."

त्याच पानासाठी अण्णांची ही झटापट चालली होती. नावं सुटी झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सकाळभर पडद्याकडे बघत बसले होते. मग मला बोलावलं.

"ह्या रेघा बघा."

मी बघितल्या. बऱ्याच रेघा उतरत उतरत खाली येत होत्या आणि एका ठिकाणी पोचल्यावर फरशी घातल्यासारख्या सरळ चालल्या होत्या. पाच वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं.

"स्थिर झाल्यात की," मी म्हटलं.

"सतरा आहेत. मोजल्या मी." त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांचंच अक्षर होतं, निळ्या शाईतलं. तारेमरदहट्टी, विहीर क्रमांक एकतीस, मे महिना. पुढे लिहिलं होतं: कोरडी. "आता संगणकात बघा काय आहे."

संगणकात होतं अठरा पूर्णांक दोन मीटर.

मला आठवलं. तो रकाना आकड्यांचा होता, शब्द घेत नव्हता. वरून सूचना आली होती की विहीर कोरडी असेल तर तिच्या तळाची खोली लिहावी. अण्णांनी मला तळाचे आकडे दिले होते आणि मी टाईप केले होते. तळाच्या खाली विहीर जाणार कुठे? म्हणून रेघ सरळ.

"तुम्ही दिले, मी टाकले," मी म्हटलं. "आपल्याला सांगितलं तसं केलं."

"हो. सांगितलं तसं केलं," अण्णा म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

पुढचे तीन दिवस ते त्या सतरा रेघांवर बसले. विहीर जिथे कोरडी पडली तिथे रेघ तोडायची आणि त्या टोकाला लेबल लावायचं, असं त्यांनी ठरवलं. पण ते साधन कन्नड जोडाक्षरं जोडत नव्हतं, सुटी सुटी करून ओळीत ठेवत होतं. 'नीरिल्ला' लिहिलं, म्हणजे पाणी नाही, तर ल एकीकडे आणि ल दुसरीकडे. 'बत्तिदे' म्हणजे आटली. त्यात त ला त, तेही तुटलं. दुपारच्या चहाला आम्ही दोघं जोडाक्षर नसलेला शब्द शोधत होतो.

"इंग्रजीत लिहा ना," मी कंटाळून म्हटलं.

"ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी वाचायला नको?"

शेवटी त्यांनाच सापडला. ओण बावी. कोरडी विहीर. एकही जोडाक्षर नाही. वेलांटी जराशी सरकत होती, पण वाचता येत होतं. सतरा ठिकाणी त्यांनी 'ओण बावी' लिहिलं, खाली महिना आणि साल. सतरा बाण एकमेकांना न कापता नेण्यात आणखी दीड दिवस गेला. पान छापून आलं तेव्हा मला गावाकडची एक गोष्ट आठवली. घरातलं माणूस गेलं की भिंतीवर कोळशाने तारीख लिहायचे.

उमापती सरांनी पान उभ्याउभ्या बघितलं. मग बसले.

"तिप्पेस्वामी, हे काय केलंत? मसुद्यात आपण लिहिलंय की गेल्या सात वर्षांत पातळी स्थिर आहे."

"स्थिर नाही सर. संपलीय."

"तुम्हाला माहीत आहे ना या वाक्यावर काय अवलंबून आहे? तालुका अतिउपशाच्या यादीतून बाहेर निघणार. बोअरवरची बंदी उठणार. आमदारांपासून सगळे वाट बघतायत."

"टँकरच्या यादीतूनही निघणार, सर."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं, एक सांगा. तुमची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर कंत्राटी एजन्सीची माणसं मोजतात. एकतीस नंबरला त्यांचाही आकडा तोच येतोय, अठरा पूर्णांक दोन. कशावरून आज तिथे हातभर पाणी नसेल? त्यांच्या कागदावर कोरडी असा शब्द नाही. तुमच्याकडे पुरावा काय?"

अण्णांकडे पुरावा नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी मला फोन केला. "तुमची स्कूटी मोकळी आहे का, वनजाक्षम्मा? बस तारेमरदहट्टीपर्यंत जात नाही. तीन किलोमीटर चालणं आता मला होत नाही."

मला त्या दिवशी कपडे धुवायचे होते, दळण होतं. गेले.

तारेमरदहट्टी म्हणजे वीस-पंचवीस घरं, बाभळी आणि शेंगांची रानं. विहिरीच्या मालकिणीच्या, दुर्गम्माच्या घराशी स्कूटी थांबवली. ती ओट्यावर चिंचा फोडत होती. पंच्याहत्तरच्या पुढची असेल. अण्णा लंगडत अंगणात शिरले तसं तिने मान वर केली.

"तम्मा, पाय कुणाला देऊन आलास?"

"तुमच्यासारख्याच एका विहिरीला, अव्वा."

"तरी म्हटलं हा टेपवाला कुठं मेला. पंचवीस वर्षं दर हंगामाला यायचास, ताक प्यायचास. मग एकदम गायबच." तिने माझ्याकडे बघितलं. "ही बायको?"

"ऑफिसातल्या मॅडम."

"बस गं बाई. ताक नाहीये, म्हैस विकली. पाणी देते. टँकरचं आहे, चालेल ना?"

आम्ही पाणी प्यायलो. अण्णांनी विहीर बघायची म्हटल्यावर ती चिंचेची टोपली बाजूला सारून उठली आणि घरामागे घेऊन गेली. तिथे विहीर नव्हती. माती आणि दगडांचा एक सपाट उंचवटा होता. त्यावर तिने पोत्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. कडेला कठड्याचे दोन दगड तेवढे उरले होते.

अण्णांनी दगडांकडे बघत विचारलं:

"कधी बुजवली?"

"दोन संक्रांती झाल्या. शेळी पडली आत. पोराने बाहेर काढली, पण तिची कंबर मोडली होती. पोरगा म्हणाला, पाणी तर नाहीच, उद्या कोणी माणूस पडेल. मी तुझ्यासाठीच ठेवली होती एवढी वर्षं. म्हटलं, तो येतो मोजायला, त्याची विहीर बुजवून कसं चालेल."

"माझ्यानंतर कोणी आलं होतं मोजायला?"

"एक आला होता मोटरसायकलवर. फोटो काढला आणि गेला. तेव्हा विहीर होती. नंतर कोणी नाही."

मागच्या महिन्यातला आकडा मी स्वतः संगणकात बघितला होता. अठरा पूर्णांक दोन.

अण्णांनी पिशवीतून छापलेलं पान काढलं, लेबलं लावायच्या आधीचं. एकतिसाव्या विहिरीची रेघ दुर्गम्माला बोटाने दाखवली. ती जवळ घेऊन बघत राहिली. "हे उतरतंय ते कळलं. पाणी गेलं ते. आणि ही सरळ रेघ काय म्हणते?"

"पाणी हललं नाही असं म्हणते."

"मेलेलं माणूसही हलत नाही," ती म्हणाली आणि मिरच्या उलट्या करायला वाकली.

निघताना तिने आम्हाला चिंच दिली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. वाटेत अण्णा म्हणाले, "जरा हळू घ्या, गुडघ्याला हादरे बसतात."

सोमवारी ते सरांकडे गेले आणि मलाही बरोबर नेलं. मी बघितलं ते सांगितलं. फोनवरचा फोटोही दाखवला: मिरच्या, दोन दगड. सरांनी फोटो मोठा करून बघितला. खोटं वाटल्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. थकल्यासारखा होता.

"एका विहिरीवरून मी सतरांचं कसं लिहू?"

"बाकीच्या बघायला जाऊ द्या, सर."

"बुधवारी बैठक आहे, तिप्पेस्वामी. आज सोमवार. वरून ठरलेला नमुना आहे, त्यात आलेखावर मजकूर चालत नाही. मी पाठवला तर ते परत पाठवतील आणि विचारतील की इतकी वर्षं हा आकडा कोणी भरला. मग तुमचं नाव येईल. वनजाक्षींचं येईल."

"येऊ दे, सर."

खरं सांगायचं तर माझं नाव यायला मला नको होतं. पेन्शनला नऊ वर्षं होती.

सर म्हणाले, "लेबलं काढा. खाली एक तळटीप देऊ: काही विहिरींत तळापर्यंतची खोली नोंदली आहे. तेवढं मी करू शकतो." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ऐका. पानाच्या कोपऱ्यात मी तुमचं नाव घातलंय. आलेख: तिप्पेस्वामी. तीस वर्षांत या ऑफिसच्या एकाही कागदावर मोजणीदाराचं नाव आलं नव्हतं. मी मुद्दाम घातलं."

ते खरंच मुद्दाम घातलं होतं. मला त्यांचा राग करता आला नाही.

अण्णांनी त्या दुपारी सतरा लेबलं काढली. काढायला दीड दिवस लागत नाही. हुकुमाच्या प्रत्येक ओळीआधी एक खूण टाकली की संगणक ती ओळ वाचायची सोडून देतो. ओळ तिथेच राहते, फक्त तिला कोणी विचारत नाही. त्यांनी सतरा खुणा टाकल्या. रेघा पुन्हा जोडल्या. तळटीप लिहिली, सरांनी सांगितलेल्या बारीक अक्षरात. मग बराच वेळ काहीतरी करत होते. मी बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी सर छापलेलं पान हातात घेऊन आमच्या टेबलाशी आले.

"तिप्पेस्वामी, कोपऱ्यातलं तुमचं नाव दिसत नाही."

"काढलं, सर."

"का?"

"जागा कमी पडत होती."

सरांनी पानाकडे बघितलं. उजवा कोपरा चांगला तळहाताएवढा पांढरा मोकळा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी टाईप करत राहिले. पान घडी न घालता तसंच घेऊन ते गेले.

बैठकीचं नंतर कळलं. आमच्या तालुक्याचा आलेख पडद्यावर आला आणि गेला. तळटिपेबद्दल कोणी विचारलं नाही. तालुका यादीतून निघाला. पुढच्या आठवड्यात बोअर मारायच्या गाड्या हमरस्त्यावर दिसू लागल्या. तमिळनाडूच्या नंबरच्या, लांब पाइप लादलेल्या. अण्णा बसच्या खिडकीतून त्या मोजायचे. सवयच ती. ऑफिसात आले की मला आकडा सांगायचे आणि कामाला लागायचे.

महिनाभराने सरांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी एक आदेश काढला, दोन ओळींचा. तळापर्यंत खोली नोंदलेल्या सतरा विहिरींची प्रत्यक्ष पाहणी करावी, पाहणीदार तिप्पेस्वामी, लेखन साहाय्य वनजाक्षी. खाली सही. हे त्यांनी कोणाला विचारून केलं की नाही, मला माहीत नाही. नवे साहेब अजून यायचे होते आणि आदेश रद्द करायला कोणी नव्हतं.

"ही शिक्षा आहे की काम?" मी अण्णांना विचारलं.

"दोन्ही असेल," ते म्हणाले. "स्कूटीत पेट्रोल आहे का?"

तारेमरदहट्टीचं आम्ही आधीच बघितलं होतं. दुसरी विहीर बिळेकल्लहळ्ळीत होती, चौदा मीटरची. अण्णांना वाट पाठ होती: शाळा, मग मारुतीचं देऊळ, मग कडुलिंबाखाली उजवीकडे. कडुलिंब होता. विहिरीच्या जागी एक घर होतं, पत्र्याचं, पुढे सिमेंटचा ओटा. एक बाई दारात तांदूळ निवडत होती.

"कोण पाहिजे?"

"इथे एक विहीर होती," अण्णा म्हणाले.

"होती. सासऱ्यांनी बुजवून घर बांधलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तोंडावर फळ्या टाकलेल्या होत्या."

"कोणत्या साली बुजवली, आठवतं का?"

बाई हसली. "साल कुठलं आठवायला. थांबा. माझी मधली झाली त्या वर्षी. घर बांधून होतंय तोच कळा सुरू झाल्या." तिने आत हाक मारली. "सुकन्या, इकडे ये गं. तुला कितवं वर्ष?"

आतून आवाज आला, "तिसरं."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. मी फॉर्म काढला होता. या खेपेला तो आम्हीच आखला होता. त्यात आकड्याच्या रकान्याशेजारी एक रुंद रकाना ठेवला होता, शब्दांसाठी. मी लिहिलं: विहीर बुजवली, वर घर. साल त्यांनी सांगितलं तेही लिहिलं. मग त्यांनी फॉर्म मागून घेतला आणि माझ्या अक्षराखाली स्वतःचं नाव लिहिलं, तिप्पेस्वामी, मोजणीदार. पूर्ण, सुटं, सावकाश.

"तुम्ही उभे का? पाय दुखतोय वाटतं," बाई म्हणाली. तिने आतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ओट्याच्या मधोमध ठेवली.

अण्णांनी खुर्चीकडे बघितलं, मग कडुलिंबाकडे, मग पुन्हा ओट्याकडे. मला कळलं, टेप सोडायला ते कुठे उभे राहायचे ते मनात बघत होते. मग ते पुढे गेले, खुर्चीत जपून बसले आणि दुखरा पाय समोर सिमेंटवर लांब केला.

"अजून पंधरा," ते म्हणाले. "जरा बसू, वनजाक्षम्मा."